सिग्नलवरच्या मुलीचं चित्र काढताय? आधी तुमचा डोळा किती उंचीवर होता ते बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा, की सिग्नलवर गजरे विकणाऱ्या एका मुलीचा मोबाइलवर फोटो काढलात, त्यावरून ऑइलमध्ये मोठं रिअलिस्टिक चित्र सुरू केलंत, घरचे म्हणतात एकदम जिवंत, आणि मित्र म्हणतो गरिबी विकतोयस. मग सतराव्या शतकातल्या स्पॅनिश चित्रकार मुरिल्योनं भिकारी पोरं काढली तर ती पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात, आणि मी काढलं की धंदा, असं का? प्रश्न रास्त आहे. मी फिगर पेंटिंग करते, बरीच वर्षं शिकवतेही, त्यामुळे नीतीवर बोलायच्या आधी ईझलसमोर उभं राहून जे दिसतं ते सांगते.

तुमच्या चित्राचा फोटो पाहिला. मुलीचं डोकं मोठं आहे, डोळे त्याहून मोठे आणि वर आपल्याकडे वळलेले, खांदे अरुंद, पाय निमुळते होत खाली कुठेतरी हरवलेत आणि मागचा रस्ता भिंतीसारखा उभा राहिलाय. म्हणजे तुम्ही उभे होतात, मोबाइल छातीपाशी किंवा त्याच्याही वर, थोडा खाली झुकवलेला, आणि मुलगी दोन-तीन फुटांवर. मोबाइलचा मेन कॅमेरा वाइड असतो, साधारण २४ ते २६ एमएमच्या आसपास, त्यामुळे इतक्या जवळून आणि वरून जे लेन्सच्या जवळ ते फुगतं आणि लांबचं आक्रसतं. लहान मुलाचं डोकं तसंही शरीराच्या मानानं मोठंच, त्यात ही भर. तुमच्या चित्रातली मुलगी जी ‘बिचारी’ दिसतेय ना, त्यातली निम्मी बिचारी लेन्सनं केलीय, आणि तुम्ही ती ग्रिड मारून, म्हणजे चौकटी आखून, इमानदारीनं कॅनव्हासवर उतरवलीत.

आता लूव्रमधलंच एक चित्र उघडा, पण मुरिल्योचं नको, रिबेराचं. होसे दे रिबेरा, स्पॅनिश माणूस पण आयुष्य काढलं नेपल्समध्ये, आणि १६४२ मध्ये त्यानं एका वाकड्या पायाच्या भिकारी मुलाचं चित्र काढलं. कॅनव्हास दीड मीटरहून उंच, मुलगा उभा, पायात काही नाही, कुबडी शिपायानं बंदूक टाकावी तशी खांद्यावर, दात दाखवून हसतोय, आणि हातात एक कागद आहे ज्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय की देवाच्या प्रेमाखातर मला भीक द्या. म्हणजे यापेक्षा उघडउघड भीक मागणारं चित्र असू शकत नाही. तरी त्याच्यासमोर उभं राहून कुणाला ‘अरेरे’ म्हणावंसं वाटत नाही, उलट आपणच जरा बावचळतो. का? तर होरायझन बघा. क्षितिज खूप खाली ठेवलंय, डोंगर, झाडं सगळं खाली, आणि मुलाचं अख्खं धड नि डोकं मोकळ्या आकाशावर. तुम्ही त्या मुलाकडे खालून वर बघताय. त्याच्या काही वर्षं आधी माद्रिदमध्ये राजदरबारचा चित्रकार वेलास्केथनं राजपुत्र बाल्तासार कार्लोसला घोड्यावर बसवून असंच खालून काढलं होतं, ते चित्र दाराच्या वर लावायचं होतं म्हणून. राजपुत्राला जी उंची मिळते ती रिबेरानं भिकाऱ्याच्या पोराला दिली, आणि हे करताना त्याचा पाय लपवला नाही, तुटके दात लपवले नाहीत, काही गोड केलं नाही.

मला वर्गात नेहमी विचारतात की मॅडम, एक्स्प्रेशन कसं आणायचं. मी म्हणते एक्स्प्रेशन नंतर, आधी आय लेव्हल ठरवा. मोठ्या माणसानं उभ्यानं पाहिलेलं मूल हे नेहमीच वर बघणारं मूल असतं, आणि वर बघणारे डोळे कुणाचेही असोत, श्रीमंताच्या पोराचे का असेनात, ते काहीतरी मागताना दिसतात. म्हणजे गरिबी चित्रात यायच्या आधीच याचना आलेली असते.

मुरिल्योकडे येऊ. लूव्रमधला तो छोटा भिकारी, साधारण १६४५ ते ५० मधला, कोपऱ्यात जमिनीवर बसलाय, डावीकडच्या खिडकीतून तिरपं ऊन पडलंय, शेजारी मडकं, टोपलीतून सांडलेली फळं, जमिनीवर कोळंबीची टरफलं, आणि पठ्ठ्या सदऱ्यातल्या उवा शोधतोय. आपल्याकडे बघतसुद्धा नाही. त्याला आपल्याशी घेणंदेणंच नाही, उवा महत्त्वाच्या. हे लक्षात घ्या की त्याच्या गावाची, स्पेनमधल्या सेव्हिलची, तेव्हाची अवस्था भयंकर होती, १६४९ च्या प्लेगात जवळजवळ अर्धं शहर गेलं म्हणतात, रस्त्यावर अनाथ पोरांचा सुकाळ, आणि मुरिल्यो स्वतः चौदा भावंडांतला शेवटचा, दहा-अकराचा व्हायच्या आत आईबाप दोघंही गेलेले, बहिणीच्या घरी वाढला. त्याला ही पोरं माहीत होती. पण म्हणून त्याला संत करू नका. त्याची रस्त्यावरच्या पोरांची चित्रं सेव्हिलमध्ये राहिलीच नाहीत फारशी, तिथे व्यापाराला आलेल्या फ्लेमिश वगैरे परदेशी व्यापाऱ्यांनी ती घेतली आणि उत्तरेला नेली, म्हणून आज म्युनिकमध्ये त्यांचा एवढा साठा आहे. आणि जसजसं वय आणि गिऱ्हाईक वाढलं तसतशी पोरं गुटगुटीत होत गेली, गालावर लाली आली, चिंध्या मऊ झाल्या. द्राक्षं आणि खरबूज खाणारी दोन पोरं तुम्ही कॅलेंडरवर वगैरे पाहिली असतील, त्यात अजून धार आहे, पण पुढची काही नुसती गोड आहेत. तेव्हा ‘मुरिल्योनं काढलं तर चालतं’ असं सरसकट म्हणू नका, त्याचंही एकेक चित्र वेगळं तपासावं लागतं.

याच चित्रांवरून एकोणिसाव्या शतकात दोन मोठ्या माणसांनी मतं दिली ती गमतीची आहेत. जर्मन तत्त्वज्ञ हेगेल म्युनिकची पोरं बघून खूश झाला, म्हणाला जमिनीवर बसलेली ही पोरं किती निश्चिंत, जवळजवळ ऑलिंपसवरच्या ग्रीक देवांसारखी तृप्त. आणि इंग्लंडात कलासमीक्षक रस्किन लंडनजवळच्या डलिचमधली मुरिल्योची पोरं बघून चिडला, त्याला विशेष राग कशाचा तर एका पोराचा मळका तळपाय मुद्दाम आपल्याकडे वळवून दाखवलाय याचा. एकाला देव दिसले, दुसऱ्याला घाण. भूक दोघांच्याही हिशेबात नाही. मला विचाराल तर तो तळपायच त्या चित्रांतला सर्वांत खरा भाग आहे, आणि तो रंगवायला अवघड आहे, कसा ते खाली सांगते.

तर मग मुलानं बघणाऱ्याकडे बघूच नये का? तसं अजिबात नाही. झ्यूल बास्त्यां-लपाज नावाचा फ्रेंच चित्रकार, १८४८ चा जन्म, छत्तिशीत गेला बिचारा, त्याचं १८८२ चं एक चित्र एडिंबराच्या नॅशनल गॅलरीत आहे, कालव्यावर बोटी ओढणाऱ्या घोड्यांमागे जाणाऱ्या एका पोराचं. हातात चाबूक, कमरेला भोंगा, कपडे फाटके, आणि तो सरळ आपल्याकडे बघतोय. पण बघणं असं की ‘काय काम आहे?’ मागणं नाही, लाजणं नाही, उलट थोडी गुर्मी आहे. इथेही परत डोळ्याची उंचीच बघा. चित्रकाराचा डोळा मुलाच्या डोळ्याच्या पातळीला आहे, म्हणून चेहरा समोरासमोर येतो, आणि तो जवळ असल्यामुळे पायाखालची जमीन मात्र वरून दिसते. हे त्याचं ठरलेलं तंत्र होतं, क्षितिज वर, माणूस जवळ, उजेड ढगाळ आणि सपाट, कडक सावली कुठेच नाही, चेहरा बारीक ब्रशनं आणि आजूबाजूचं गवत, माती वगैरे चपट्या चौकोनी ब्रशच्या फटकाऱ्यांनी. स्कॉटलंडमधल्या ‘ग्लासगो बॉइज’ नावाच्या चित्रकारांच्या गटानं पुढे हा चौकोनी ब्रश इतका उचलला की विचारू नका. ढगाळ उजेडाचा मुद्दा तुमच्यासाठी महत्त्वाचा आहे, कारण तुम्ही मुलीच्या चेहऱ्यावर एका बाजूनं पिवळा स्पॉटलाइट टाकलाय. सिग्नलवर तो आला कुठून? नाटकातला आहे तो.

त्याच वर्षी लंडनमध्ये बास्त्यां-लपाजनं एक बूटपॉलिशवाला पोरगाही काढला, खांबाला टेकून उभा, मागे गाड्याघोड्यांची गर्दी. आता हा आणि त्याच काळात न्यूयॉर्कमध्ये जॉन जॉर्ज ब्राउन जे बूटपॉलिशवाले काढत होता ते शेजारी शेजारी ठेवा. ब्राउनची पोरं हसरी, गाल सफरचंदासारखे, ठिगळं अगदी जागच्या जागी, खोड्या काढताहेत, मजेत आहेत. माणूस तयार हाताचा होता, यात शंका नाही, आणि तो स्वतःही इंग्लंडात गरिबीतून वर आलेला, पण चित्रं घेणाऱ्या शेठजींना दिवाणखान्यात टांगून झोप लागेल अशीच काढली, आणि धो धो खपली. दयेचं चित्र जसं खोटं पडू शकतं तसं हे आनंदाचंही. तुमचा मित्र फक्त रडक्या चित्रांना ‘गरिबी विकणं’ म्हणत असेल, तर हसरी त्याहून जास्त विकली गेलीत हे त्याला सांगा.

फेर्नां पेलेझ हे नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही, आणि तुमच्या विषयाला तो सगळ्यात जवळचा. पॅरिसचा, काबानेल या चित्रकाराच्या हाताखाली शिकलेला, सुरुवातीला इतिहासातले भव्य प्रसंग रंगवणारा, आणि १८८० च्या सुमाराला अचानक रस्त्यावरच्या माणसांकडे वळला. पॅरिसच्या प्ती पाले संग्रहालयात त्याची बरीच चित्रं आहेत, त्यांच्या साइटवर मोठ्या साइजमध्ये बघता येतात. १८८३ चं एक आहे, बेघर बाई फुटपाथवर पाच पोरं घेऊन बसलीय, एक अंगावर पितंय, बाकीची कशीही पसरून झोपलीत, मागच्या भिंतीवर फाटकी पोस्टरं, आणि बाई सरळ आपल्याकडे बघतेय, डोळ्यांत पाणीबिणी काही नाही. पोरं झोपलेली आणि आईनं बघायचं, ही रचनाच जबरदस्त आहे, कारण पोरांना आपल्यासमोर काही सादर करावं लागत नाही. मग १८८५ मध्ये व्हायोलेटची फुलं विकणारा मुलगा, म्हणजे तुमच्या गजरेवालीचा दूरचा भाऊच म्हणा, दाराच्या कोपऱ्यात बसल्या बसल्या झोपलाय, तोंड उघडं, पाय अनवाणी, फुलांचा ट्रे तसाच पुढ्यात. पेंटिंग म्हणून अप्रतिम, करड्या रंगाच्या किती छटा आहेत त्यात. पण त्याला त्यानं नाव दिलं ‘हुतात्मा’. मला हे नाव कधीच आवडलं नाही, चित्रानं जे गप्प राहून केलं होतं ते नावानं ओरडून सांगितलं. तुम्ही तुमच्या चित्राला ‘हरवलेलं बालपण’ असं नाव ठरवलंय, ते काढा. ‘गजरेवाली’ पुरे.

पेलेझचं सगळ्यात मोठं काम १८८८ चं, सर्कशीच्या तंबूबाहेरची कलाकार मंडळी, सहा मीटरच्या वर रुंद, एका बाजूला कसरती करणारी पोरं ओळीनं उभी, सगळ्यात लहानगा रडतोय आणि शेजारच्यांना त्याचं काहीच नाही, रोजचंच. हे ‘रोजचंच’ दाखवता येणं फार कठीण.

रशियाचा वासिली पेरोव घेतल्याशिवाय मात्र हा विषय पुरा होत नाही. त्याचं ‘त्रोइका’, १८६६, मॉस्कोच्या त्रेत्याकोव गॅलरीत. त्रोइका म्हणजे तीन घोड्यांची गाडी, इथे घोड्यांच्या जागी तीन पोरं जुंपलीत, कारागिरांकडे उमेदवारीला ठेवलेली, बर्फ गोठलेलं पाण्याचं भलंमोठं पिंप घसरगाडीवरून ओढताहेत, थंडी, वारा, मठाची भिंत, बाजूला धावणारं कुत्रं. भूदासप्रथा संपून पाचच वर्षं झालेली, खेड्यातली पोरं शहरात अशी कामाला लावली जात होती. खरं सांगायचं तर मला त्यातलं वादळ आणि कुत्रं जरा जास्त वाटतं, रंगभूमीसारखं. पण मधला मुलगा बघा. बाकीचे दोघं ‘टाइप’ आहेत आणि तो मधला एक माणूस आहे. त्याची हकिकत पेरोवनं स्वतःच पुढे लिहून ठेवलीय. बाकीचं चित्र झालं होतं, मधला मुलगा सापडत नव्हता, मग शहराच्या नाक्यावर एक खेडवळ बाई आणि तिचा मुलगा वास्या दिसले, बाई नवरा आणि इतर पोरं गमावलेली, हा एकच उरलेला, यात्रेला निघालेली. चित्र काढलं की माणूस खंगून मरतो अशी तिची भीती, कशीबशी समजूत घातली, मुलगा बसला. काही वर्षांनी तीच बाई पेरोवकडे आली. मुलगा देवीच्या साथीत गेला होता. घरातलं सगळं विकून पैसे गोळा करून आणले होते, मुलाचं चित्र विकत घ्यायला. चित्र तर केव्हाच संग्राहक त्रेत्याकोवनं घेतलेलं. पेरोव तिला त्रेत्याकोवच्या घरी घेऊन गेला, तिनं चित्र ओळखलं, गुडघे टेकले आणि देवासमोर करतात तशी प्रार्थना करत राहिली. नंतर पेरोवनं वास्याचं वेगळं पोर्ट्रेट करून तिला गावी पाठवलं.

तर तुमचं चित्र कुणाच्या घरात लागणार हा प्रश्न जुनाच आहे, ज्याचं चित्र त्याच्या घरात ते जवळजवळ कधीच लागलं नाही. यात विकणं हे पाप मी मानत नाही, मीही चित्रं विकते. पण विकण्यासाठी मुलाला आणखी फाटकं करणं, तिथे मात्र थांबायचं. लंडनमध्ये डॉ. बार्नार्डो अनाथ पोरांसाठी संस्था चालवायचे, ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो छापून देणग्या गोळा करायचे, आणि १८७७ मध्ये त्यांची लवादापुढे चौकशी झाली, त्यात हाही आरोप होता की ‘आधी’च्या फोटोसाठी पोरांना असतील त्यापेक्षा वाईट अवस्थेत दाखवलं जातं. लवादानं त्या फोटोंवर ताशेरे मारले आणि ते फोटो त्यांना बंद करावे लागले. आता तुमच्या कॅनव्हासवर मुलीच्या फ्रॉकला खांद्यावर जे भोक आहे ते फोटोत आहे का हो? मला तरी दिसलं नाही.

चिंध्यांचं एक वेगळंच आहे. चित्रकाराला चिंध्या रंगवायला भयंकर मजा येते, हे कुणी कबूल करत नाही पण येते, जाड पेंट, तुटक्या एज, लोंबते धागे, नाइफनं दोन फटकारे मारले की टाळ्या. म्हणून चित्रातली गरीब पोरं खऱ्या पोरांपेक्षा नेहमी जास्त फाटकी असतात. प्रत्यक्षात बघा, सिग्नलवरच्या मुलीचा फ्रॉक फाटण्यापेक्षा जास्त विटलेला असतो, धुऊन धुऊन पातळ झालेला, त्यामुळे त्याला घडी नीट पडत नाही, कापड अंगाला चिकटतं. दुसरं म्हणजे माप. कपडे मोठ्या बहिणीचे नाहीतर कुणी दिलेले, खांद्याची शिवण दंडावर उतरलेली, गळा एका बाजूला ओघळलेला, किंवा मग आखूड, मनगटं बाहेर. गरिबी भोकापेक्षा मापात दिसते.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर चित्तप्रसाद बघा. बंगालचा माणूस, १९४३ च्या दुष्काळात मिदनापूर जिल्हा पायी फिरून स्केचेस केली, त्याची पुस्तिका इंग्रज सरकारनं जप्त करून नष्ट केली, आणि नंतर हा माणूस मुंबईत येऊन अंधेरीला राहिला तो कित्येक वर्षं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यानं राबणाऱ्या मुलांवर लिनोकटची, म्हणजे लिनोलियमवर कोरून छापलेल्या चित्रांची, मालिका केली, पुढे १९६९ मध्ये युनिसेफच्या डेन्मार्कच्या समितीनं ती छापली. लिनो आहे, तुमच्या अर्थानं रिअलिस्टिक पेंटिंग नाही, पण बघाच, कारण लिनोत चिंध्यांचे लाड करताच येत नाहीत, काळं नाहीतर पांढरं, मग मूल कसं वाकलंय, वजन कुठे पेललंय, यावरच सगळं उभं करावं लागतं.

आता तळपाय. विद्यार्थी काय करतात, स्किन टोनमध्ये काळा मिसळून तळवा रंगवतात आणि पाय सडलेला दिसतो. धूळ म्हणजे काळा रंग नव्हे. आधी तळवा स्वच्छ रंगवा, लालसर, बाकी त्वचेपेक्षा उबदार, आणि पूर्ण सुकू द्या. मग रॉ अंबर, पांढरा आणि किंचित अल्ट्रामरीन असा थंड करडा करून जवळजवळ कोरड्या ब्रशनं फक्त टेकतात तिथे घासा, टाच, चवडा, बोटांची टोकं. तळव्याची कमान स्वच्छच राहते, ती जमिनीला लागतच नाही. मुरिल्योच्या पोरांचे तळवे झूम करून बघा, म्हणजे रस्किनला एवढं का झोंबलं ते कळेल.

तुमच्या चित्रापुरतं म्हणाल तर हा फोटो सोडा. परत जा, पण मुलीला गाठायच्या आधी तिथे जवळपास तिची आई, मावशी कुणीतरी असेलच, त्यांच्याशी बोला, काय करणार ते सांगा, सिग्नलच्या मधे नको, दुपारी सावलीत बसतात तेव्हा. जेवढा वेळ घ्याल तेवढ्या वेळचा धंदा बुडतो, त्याचे पैसे द्या, मॉडेलला देतो तसे, बक्षिसी म्हणून नको. नाही म्हणाल्या तर नाही. हो म्हणाल्या तर बुटकं स्टूल घेऊन बसा, किंवा सरळ फूटपाथवर बसा, स्केचबुक काढा. मूल दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त बसत नाही, आणि बसवूही नका, तिला तिचं काम करू द्या नि तुम्ही तेच तेच पोज परत यायची वाट बघा. गजरे मनगटावर कसे अडकवते, पाणी शिंपडते का, सुटे पैसे कुठे ठेवते. मी जेवढं पाहिलंय त्यात ही मुलं गाडीतल्या माणसाच्या डोळ्यांकडे फार कमी बघतात, ती बघतात सिग्नलचे सेकंद आणि काचेचं बटण दाबणारा हात. ती नजर तुमच्या चित्रात आली तर ‘अंकल घ्या ना’वाला चेहरा आपोआप जाईल. फोटो लागलाच तर चार-पाच पावलं मागे सरका, खाली बसा, झूम दुपटीवर ठेवा, मोबाइल तिच्या हनुवटीच्या उंचीला, आणि फोन सरळ धरा, झुकवू नका. झालेल्या स्केचपैकी एक तिला द्या, नाहीतर फोटोची प्रिंट.

जुना कॅनव्हास टाकू नका, गजऱ्याचा भाग त्यात खरंच छान उतरलाय, तो स्टडी म्हणून ठेवा. फक्त मोगऱ्यासाठी सरळ टायटॅनियम व्हाइट वापरलाय तो फार थंड आणि खडूसारखा पडलाय, त्यात येलो ऑकर अगदी सुईच्या टोकाएवढा घाला आणि सावलीतल्या पाकळ्यांना करड्यापेक्षा हिरवट झाक द्या. नवं स्केच झालं की टाका इथे, मग कॅनव्हासच्या मापाचं बोलू, कारण तिला लाइफ साइज करायचं की लहान, यावर बाकीचं बरंच अवलंबून आहे.